उचलणारी आणि झेलणारी

दिवाळी अंकाचे संपादक घरी आले तेव्हा मी ओट्यावर बसून करंदी सोलत होते. तरुण माणूस, चप्पल काढून लांबच उभा राहिला, वासामुळे असेल. म्हणाला, "आजी, माइकसमोर उभं राहून गाणाऱ्या या भागातल्या तुम्ही पहिल्या बाई. पहिली कॅसेटही तुमचीच. तुमच्या कारकिर्दीवर लिहा." मी म्हटलं, बाबा, कारकीर्द राजाची असते, माझी नुसती गाणी. पण तो हटेना. मग लिहायला बसले. माझी शाळा सातवीपर्यंत, त्यामुळे हे लिहिलेलं माझ्या मुलीनं तपासलंय. ती शाळेत मराठी शिकवते. तिनं माझे सगळे "हाय" काढून तिथं "आहे" घातलेत. लोकांचं बोलणं तेवढं मी तिला बदलू दिलं नाही.

पहिली म्हणजे काय असतं ते आधी सांगते. पहिलीच्या पुढं कोणी नसतं, हे सगळ्यांना दिसतं. तिच्या शेजारीही कोणी नसतं, हे तिचं तिलाच कळतं.

मी मुळात धवलारीण. नव्या इमारतींमध्ये राहायला आलेल्या लोकांना हा शब्द माहीत नसेल, म्हणून सांगते. आमच्या खाडीकाठच्या गावांत लग्न लागायचं ते धवल्यांवर. धवले म्हणजे लग्नविधीची गाणी, आणि ती म्हणून विधी पार पाडणारी बाई ती धवलारीण. भटजी येतात, मंगलाष्टकं म्हणतात, जातात. पण मांडवाला उंबराची डहाळी बांधण्यापासून नवरी सासरच्या उंबऱ्यात शिरेपर्यंत जे काही होतं ते धवलारणीच्या तोंडून होतं. तिला बोलवायला नारळ आणि विड्याचं पान घेऊन जावं लागतं. नुसता निरोप पाठवला तर ती येत नाही.

धवला एकटीनं म्हणत नाहीत, दोघी लागतात. एक ओळ उचलते, दुसरी तीच ओळ झेलते. उचलणारीची ओळ संपायच्या आत झेलणारीनं ती धरायची, आणि झेलणारीची संपायच्या आत उचलणारीनं पुढची काढायची. मधे फट पडता कामा नये. आमची सासू म्हणायची, ओळ जमिनीला टेकली की देव परत फिरतो. असं तास-तासभर चालायचं. एकीचा श्वास दुसरीच्या ओळीत. ऐकणाऱ्याला वाटतं उचलणारी मोठी, तिचाच आवाज पहिला येतो. खरं कसब झेलणारीचं. उचलणारी चुकली, एखादं नाव मागंपुढं झालं, तर झेलणारी झेलता झेलता ते नाव जागेवर बसवते आणि मांडवात कोणाला पत्ता लागत नाही.

सारसोळ्यात आमचं घर एकच होतं, मधे भिंत घालून दोन केलेलं. इकडं आम्ही, तिकडं माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, हरिश्चंद्र आणि त्यांची बायको चांगुणा. दोन स्वयंपाकघरांच्या मधे एक बुटका दरवाजा होता. त्या दारातून कालवणाच्या वाट्या जायच्या, विस्तव जायचा, पोरं जायची. सासू धवलारीण होती. तिनं आम्हा दोघी जावांना शिकवलं आणि कामं वाटून दिली. "हिरीचा गला, चांगुनीचं डोस्कं," म्हणाली. मी उचलायची, चांगुणाबाय झेलायची. मला तेव्हा याचा फार गर्व. पहिला आवाज माझा ना.

चांगुणाबाय कशी होती याची एकच गोष्ट सांगते. धवल्यात सगळ्यात आधी आवतान असतं. गावदेव, खाडीवरचा देव, मग त्या घराचे मेलेले वाडवडील, शेवटी शिवेवरचा देव, एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलवायचं.

पाठवा गो आवतान धर्मा आज्याला,
तांदलाचे चौकाला, उंबराचे सावलीला.

अशी एकेक ओळ, एकेक नाव. चौक म्हणजे धवलारीण मांडवात तांदळानं भरते ती चौकोनी रांगोळी, बोलावलेले देव तिथं येऊन बसतात. आणि लग्न पार पडलं की त्याच क्रमानं एकेकाला निरोप द्यायचा. त्याला बोळवण म्हणतात. पाहुणे बोलवायचे आणि दाराशी सोडायला जायचं नाही, हे माणसांत चालत नाही, देवांत कसं चालेल?

तर खारघरला एक लग्न होतं. आज तिथं मान वर करून बघावे लागणारे टॉवर आहेत, तेव्हा डोंगराखाली भातशेती आणि चार आळ्या. नवऱ्यामुलाच्या बापाला जमिनीचे पैसे आलेले, त्यातून त्यानं ट्रक घेतलेला. मांडवाच्या दारात हार घालून उभा केला होता. आवतानाला बसलो तर हा येऊन म्हणतो, "बाय, आमच्या ट्रकला पन आवतान द्या. जमीन गेली न् ह्यो आला. जमीन काय आमची आईच होती."

मला हसू फुटत होतं. पण धवलारणीनं हसायचं नसतं. वाडवडिलांची नावं झाल्यावर मी ट्रकला आवतान दिलं, नंबरासकट, आणि घाईत शेवटचे दोन आकडे उलटे केले. चांगुणाबायनं तोंडावरची माशी हलू न देता ओळ झेलली आणि नंबर बरोबर करून टाकला. मांडवात शिरताना तिनं तो वाचून ठेवला होता. घरी येताना खाचराच्या बांधावर आम्ही दोघी पोट धरून बसलो. ती म्हणाली, "आगो, देव चुकला तर माफ करल, आरटीओ कसा करल?" तेवढं मनमोकळं मी पुढं कोणाबरोबर हसल्याचं आठवत नाही.

वाशीच्या पुलावरून गाड्या धावू लागल्यानंतरच्या एका पावसाळ्यात हरिश्चंद्र भावजी गेले. "गेले" हा माझा शब्द, आणि सगळं रामायण त्या शब्दाचंच आहे. ते रेतीच्या होडीवर कामाला होते. वादळात होडी कलंडली. तिघं पोहून आले, भावजी आले नाहीत. गावानं बारा दिवस खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत शोधलं. काही सापडलं नाही, अंगावरचा सदराही नाही.

म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं, देह नाही तर सुतक नाही, बारा वर्षं वाट बघायची. चांगुणाबाय तेव्हा तिशीची, पोरगा शाळेत जाणारा. तिनं कुंकू पुसलं नाही. कोणी कुजबुजलं तर म्हणायची, "दावा मना त्यांना. दावा, न् मंग पुसतंय." रोज तिन्हीसांजेला धक्क्यावर जायची आणि ताठ मानेनं परत यायची. सवाष्ण म्हणून हळदीला बसायची, ओट्या घ्यायची. गाव बोलवत होतं. गावाला तिची दया होती आणि थोडी भीतीही.

मी तिला कधी उलट बोलले नाही. पण मनात मी भावजींना त्या बारा दिवसांतच पोहोचवून आले होते. हे आज पहिल्यांदा लिहितेय.

त्याच काळात लग्नं बदलली. शेतं गेली, मिठागरं गेली, त्या बदल्यात पैसे आले आणि पैशाला आवाज लागतो. हळदीला बेंजो पार्टी येऊ लागली. बेंजो म्हणजे तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं असलेलं वाद्य, जोडीला ढोलकी, ताशा, आणि बायकी आवाज काढून गाणारा एक पुरुष. शेजारच्या गावच्या मधू मास्तरांची पार्टी नावाजलेली. त्यांनी एका लग्नात माझा धवला ऐकला आणि आमच्या घरी आले. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "काशिनाथ, आमच्या गंग्याच्या नरड्यातना बाई काढून काढून तो पार खोकलाय. वहिनींना पाठव."

माझा नवरा तुर्भ्याच्या कारखान्यात शिफ्टला जायचा. म्हणाला, "गा. पन पदर डोक्यावरना पडता कामा नये." पदर मी पिनांनी असा ठोकून बसवला की केस उपटले असते, पदर हलला नसता. गावात बोलायचं ते लोक बोललेच. पहिल्या हळदीला एक म्हातारा काठी आपटत उठून गेला. दोन वर्षांनी त्याच्याच नातवाच्या हळदीला मला बोलावणं होतं. मी गेले, आणि काठी कुठं ठेवलीय तेही विचारलं.

गाणं जमत होतं. बाकीचं जमत नव्हतं. टेम्पोत मागं सगळे पुरुष, मी पुढं ड्रायव्हरशेजारी पर्स मांडीवर घेऊन. मांडवात पोचलं की मास्तरांची पंगत पुरुषांत बसायची. घरच्या बायका मला त्यांच्यात बसवायच्या नाहीत. वाईट वागायच्या नाहीत, उलट ताट भरून द्यायच्या, मटणाचा चांगला तुकडा शोधून वाढायच्या, पण ताट ओटीवर वेगळं. आत बायकांच्या गप्पा चाललेल्या, मी बाहेर भिंतीकडं तोंड करून जेवतेय. धवला म्हणायची तेव्हा मी त्याच बायकांच्या मधोमध बसायची, कोणीतरी पाठीला टेकलेलं, कोणाचं तरी पोर मांडीत. माइक हातात आला आणि माझ्याभोवती चार हात जागा रिकामी झाली. ती पुढं कधी भरली नाही.

धवले मात्र मी आणि चांगुणाबाय म्हणतच होतो. तेवढे दिवस मी माणसांत असायची.

मग कॅसेटचं निघालं. मुंबईच्या एका कंपनीचा माणूस मास्तरांकडं आला. हळदीची गाणी एका बाजूला, दुसऱ्या बाजूला खरे धवले, अशी कॅसेट काढायची. मी धावत बुटक्या दारातून चांगुणाबायकडं गेले. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कुनाचं लगीन हाय?"

"लगीन नाय गो. रेकार्डिंग हाय."

"चौक हाय?"

"नाय."

"नवरा-नवरी नाय, चौक नाय, मांडव नाय. मंग देवांना बोलवाचं कुनाकरं? येऊन ते बसतील कुठं?"

मी खूप समजावलं. नाव होईल म्हटलं. ती म्हणाली, "तुजं होऊदे. मी नाय येत. न् तू पन आवतान नको म्हनू. बाकी काय ते गा." मला राग आला. वाटलं, हिचा आवाज मागं राहतो म्हणून ही जळते. लाज वाटते, पण वाटलं होतं.

स्टुडिओ म्हणजे एक खोली. भिंतींना सतरंज्या मारलेल्या, खिडकी नाही, पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. काचेपलीकडं रेकॉर्डिंगवाले साहेब. सज्जन माणूस. म्हणाले, "दुसऱ्या बाई नाहीत? हरकत नाही. दोन्ही तुम्हीच म्हणा. आधी एक आवाज भरू, मग त्याच्यावर दुसरा चढवू."

आधी मी उचलणारीच्या ओळी म्हटल्या. एक ओळ म्हणायची, मग बोटांवर मोजत झेलणारीची जागा रिकामी सोडायची, मग पुढची. ती रिकामी जागा मला आजही आठवते. आयुष्यात कधी मी ओळ सोडून वाट बघितली नव्हती.

वाडवडिलांपाशी आल्यावर मी थांबले. घरच नाही तर नावं कोणाची घेणार? साहेब काचेमागून म्हणाले, "घ्या हो बाई काहीतरी, रिकामं वाटतंय." मी डोळे मिटले. तोंडात आली ती आमच्याच घरची नावं. धर्मा आजा. सासऱ्यांचे भाऊ. सासरे. तिथं थांबायचं होतं. पण पायऱ्या उतरताना पाय आपोआप पुढची पायरी शोधतो, तशी जीभ पुढं गेली आणि मी हरिश्चंद्राला आवतान दिलं. एरवी जेठाचं नाव आम्ही तोंडानं घेत नाही. धवल्यात तेवढी सूट असते, तिथं बाई कोणाची सून नसते. ती सूट मी अशी वापरली.

तरी तेव्हासुद्धा वेळ गेली नव्हती. साहेबांनी कानाला हेडफोन लावले आणि झेलणारीचा आवाज भरायला सांगितलं. आता माझाच आवाज माझ्या कानात ओळ उचलत होता आणि मी झेलत होते. धर्मा आजा झेलला. सासरे झेलले. मग कानात ते नाव आलं. झेलणारीचं काम काय, चूक सावरायचं. झेलणारी मीच होते. समोर लाल दिवा लागलेला, साहेब बोट गोल फिरवून "चालू ठेवा" सांगत होते. आणि मी ते नाव झेललं. जसंच्या तसं. एकदा चुकले ते जिभेनं, दुसऱ्यांदा भ्यायले म्हणून. एवढाच फरक.

शेवटी बोळवण म्हणायला घसा साफ केला तर साहेब म्हणाले, "बाई, साइड भरली. निरोपाचं कोण ऐकतंय?"

कॅसेट तुफान चालली. पनवेलपासून उरणपर्यंत बांबूवर कर्णे लावून लोक ती वाजवत होते. मी कोणाला काही बोलले नाही. मनाची समजूत घातली की गर्दीत, ताशात एक नाव कोणाच्या लक्षात येतंय.

गावातलंच लग्न होतं, दोन घरं सोडून. भर दुपारी हळद लागत होती. चौकाशेजारी पाच सवाष्णी बसल्या होत्या, त्यांत चांगुणाबाय, हळदीची वाटी तिच्या हातात. मी मागं उभी. मांडव घालणाऱ्यांनी कर्ण्यावर कॅसेट लावली आणि माझा आवाज आवतान देऊ लागला. धर्मा आजा. बायका कौतुकानं माझ्याकडं बघू लागल्या, बघ तुझ्याच घरची नावं घेतलीस म्हणून. मला ओरडावंसं वाटलं, कॅसेट बंद करा. माझा आवाज सगळ्या गावात घुमत होता आणि माझ्या गळ्यातून काही निघत नव्हतं. नाव आलं. एकदा. मग झेललेलं, दुसऱ्यांदा.

नवरीची मावशी पुढं झाली, चांगुणाबायच्या हातातली वाटी अलगद काढून घेतली आणि म्हणाली, "बस गो बाय जरा. सकालपासना दमली असशील." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

चांगुणाबाय उठली. माझ्याजवळून गेली तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. त्या दिवशी बुटक्या दाराला पलीकडून कडी लागली, आणि नंतर काहीतरी जड सरकवत आणल्याचा आवाज आला. तांदळाची कोठी होती ती. तिनं दारालाच लावून ठेवली.

मी कंपनीकडं गेले. नाव काढा म्हटलं. ते म्हणाले, माल बाहेर गेलाय. पुढच्या वेळी त्यांनी ते अख्खं कडवंच कापलं आणि तिथं बेंजो घातला. तोवर सांगायचं ते सगळ्यांना सांगून झालं होतं. त्यानंतर चांगुणाबायला हळदीला कोणी बसवलं नाही. कुंकू ती लावतच राहिली, पण गावानं ते मानायचं थांबवलं. भिंतीपलीकडं ती भांडी घासायची ते मला ऐकू यायचं, मी खोकले की तिकडची भांडी थांबायची, आणि मग पुन्हा सुरू व्हायची. अशी पाच वर्षं काढली. नवरा शिफ्टला, पोरं शाळेत, आणि मी त्या भिंतीशी.

दुसरी शिक्षा व्यवहाराची होती, ती आपोआप झाली. कॅसेट असल्यावर धवलारीण कशाला? बटण दाबलं की हिराबाई हजर, तिला जेवण घालायला नको, नारळ द्यायला नको. माझी लग्नं माझ्याच आवाजानं पळवली. हळदीला गाण्यासाठी बोलवायचे, धवल्यासाठी नाही. रस्त्यानं जाताना कुठल्यातरी मांडवातून मी स्वतःला ऐकायची, देवांना बोलावतेय, बोलावतेय, आणि खट्ट करून साइड संपायची. आमची नामीआत्या, सासूच्या वेळची म्हातारी, मला भर रस्त्यात म्हणाली, "हिरे, बोलवतंस न् पाठवत नाय. गावोगाव देव दारात उभे हायत गो तुजे." ती बहिरी होती, त्यामुळे ओरडून म्हणाली.

बारा वर्षं झाली तेव्हा भाऊकी चांगुणाबायकडं गेली. आता पिठाचा पुतळा करून क्रिया उरकून घ्या म्हणाली. तिनं त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. पुढच्याच वर्षी तिच्या बाळकृष्णाचं लग्न ठरलं. पोरगा न्हावा शेव्याच्या नव्या बंदरात कामाला लागला होता, चुणचुणीत. तो चोरून माझ्याकडं यायचा. पत्रिका दाखवायला आला आणि म्हणाला, "काकी, प्रेसवाला विचारत होता, पप्पांच्या नावामागं श्री लावू का कैलासवासी. आई बोलली, काय नको लावू. नुसतं नाव छाप." पत्रिकेत बापाचं नाव तसंच उघडं छापलेलं. बघवेना.

दोन दिवसांनी चांगुणाबाय आली. बुटक्या दारातून नाही, रस्त्यानं फिरून पुढच्या दारानं. हातात ताम्हन, त्यात नारळ आणि विड्याचं पान. परक्या धवलारणीला बोलवतात तसं उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाली, "बाळकृष्णाची हलद हाय. चौक भराला यावं."

मला अहोजाहो करत होती. मी म्हटलं, "कॅसेट लावतात गो आता सगळे."

"माझ्या पोराला नको ती." मग म्हणाली, "झेलाला नामीआत्या हाय."

मी नारळ घेतला. विचारायचं होतं ते विचारवलं नाही: आवतानात वाडवडिलांपाशी आले की काय करू? तिनंही सांगितलं नाही.

हळदीच्या दिवशी मी चौकापाशी बसले. बाळकृष्ण पाटावर, शेजारी आई म्हणून चांगुणाबाय. आमच्यात स्वतःच्या पोराच्या लग्नात आई धवला म्हणत नाही. डोळे चौकाकडं ठेवून गप्प बसायचं असतं. कपाळावर तिचं कुंकू होतं, रोजच्यासारखं. अख्खं गाव मांडवात दाटलेलं, आणि ते हळदीला आलं नव्हतं, हिरी काय म्हणते ते ऐकायला आलं होतं.

मी सुरू केलं. नामीआत्या अर्धं ऐकून अर्धं अंदाजानं झेलत होती. गावदेव झाला, खाडीचा देव झाला. धर्मा आजा. सासऱ्यांचे भाऊ. सासरे. मी ठरवून आले होते, जिभेला चावून धरीन पण ते नाव घेणार नाही. सासऱ्यांची ओळ आत्यानं झेलली आणि मी पुढची उचलली ती थेट शिवेवरच्या देवाची.

आत्यानं झेलायला तोंड उघडलं. त्याच्या आधी पाटाशेजारून आवाज आला.

पाठवा गो आवतान हरिश्चंद्राला,
तांदलाचे चौकाला, उंबराचे सावलीला.

चांगुणाबाय झेलत होती. माझी ओळ चुकली होती, तिनं ती जागेवर बसवली. तेवीस वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून नवऱ्याचं नाव कोणी ऐकलं नव्हतं, मीही नाही. आवाज कापला नाही, चढला नाही, खारघरला ट्रकचा नंबर सुधारला होता तसाच सरळ आला. मी तिच्याकडं बघितलं. तिची नजर चौकावरच होती. बाळकृष्णाची मान खाली गेली होती. मला रडू आलं, पण ओळ टेकू द्यायची नव्हती म्हणून रडता रडता पुढची उचलली. आत्यानं तिथून पुढं तोंड मिटलं ते मिटलंच. बाकीचं सगळं चांगुणाबायनं झेललं.

हळद लावायची वेळ आली. वाटी तिच्यासमोर ठेवली होती, पोराची आई म्हणून. तिनं ती उचलली आणि माझ्या हातात दिली. "तू लाव," म्हणाली. "तू सवाष्न हायस." पदराचं टोक घेऊन तिनं कपाळ पुसलं, घाम पुसावा तसं.

लग्न लागलं, नवरी घरात आली, आणि तिसऱ्या दिवशी बोळवण होती. आता आम्ही दोघीच बसलो. गावदेवाला निरोप दिला, तिनं झेलला. खाडीच्या देवाला दिला, तिनं झेलला. आजे, सासरे, सगळे मानानं दाराशी पोचवले. मग मी हरिश्चंद्र भावजींची ओळ उचलली, ती पुरी केली आणि थांबले.

ती झेलेना. तोंड मिटून बसली होती. एक श्वास, दोन श्वास. सासूनं शिकवल्यापासून पहिल्यांदा आमची ओळ जमिनीला टेकली. मी तिच्याकडं बघितलं, तिनं मान हलवून पुढं चल म्हणून खूण केली. मी पुढचा देव उचलला आणि तो तिनं झेलला.

संध्याकाळी मी चुलीपाशी होते. भिंतीपलीकडून जड काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, मग कडी निघाल्याचा. बुटकं दार उघडलं. पाच वर्षांची धूळ माझ्या बाजूला पडली. चांगुणाबाय वाकून दारात बसली, कपाळ मोकळं. मी म्हटलं, "बाय, एक बोलवण र्‍हायली गो."

ती म्हणाली, "र्‍हाऊ दे त्यांना जरा. इतक्या वर्सांनी आलेत."

मी बरं म्हटलं, आणि चुलीवरचं कालवण वाटीत काढून तिच्या हातात दिलं.